उभं राहण्याचे चार गुरुवार

परवा संध्याकाळी कंपनीची बस मला मोशीच्या चौकात सोडून गेली आणि मी भाजीसाठी थांबले. मेथीवालीच्या शेजारी एक म्हातारी गोणपाटावर डहाळ्यांच्या जुड्या मांडून बसली होती. पाच झाडांची पानं, एका दोऱ्यात बांधलेली. बाजूला नारळ आणि शेवंतीचा ढीग. म्हणजे मार्गशीर्ष लागला, गुरुवार आले. बायका जुड्या उलटसुलट करून बघत होत्या, आंब्याची पानं ताजी आहेत की कालची यावरून हुज्जत चालली होती, आणि मला मात्र भलताच वास येत होता. ओल्या गाळाचा, उन्हात तापलेल्या रबराचा आणि चुलीवर उकडणाऱ्या रताळ्यांचा. त्या चौकात ट्रेलरच्या धुराशिवाय दुसरा वास येणं शक्य नाही, पण आठवणीला कोण अडवणार? "घेणार हाय का नुसत्या बघणार हाय?" म्हातारीनं विचारलं. मी दोन जुड्या घेतल्या. एक माझ्या घटासाठी आणि एक दत्ताभाऊंच्या बायकोसाठी.

दत्ताभाऊ कोण ते सांगतेच, पण आधी माझं सांगू दे. गेल्या मार्गशीर्षात मी उभं राहायला शिकले. सेहेचाळिसाव्या वर्षी बाई उभं राहायला शिकली म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. आमच्या घरातही आधी 'लोक काय म्हणतील' झालंच होतं.

चाकणला गाड्यांचे पुढचे दिवे बनतात अशा एका कंपनीत मी सतरा वर्षं आहे. लाइनवर आठ बायका आणि नववी मी, त्यांची लीडर. काम सगळं उभ्यानं. वरून स्क्रू मारायची गन लोंबत असते, समोर पट्ट्यावरून दिवे सरकत येतात, आणि प्रत्येकीच्या जागेवर जमिनीवर पिवळ्या रंगानं दोन पावलं काढलेली असतात. त्या पावलांवर आपली पावलं ठेवायची आणि शिफ्ट संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. हातातल्या वस्तूला आमच्याकडे जॉब म्हणतात. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हात जॉबवर, नजर जॉबवर'. नव्या मुली आल्या की पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतात. पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते. मी त्यांना सांगायची, गुडघे घट्ट लाव, नजर खाली ठेव, दिवस कधी सरला कळणार नाही. उभं राहण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या शेडमध्ये नव्हती. हा माझा गर्व होता म्हणा ना.

आणि आषाढात एका सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना पायरी ओली होती, खाली खड्डा पाण्यानं भरलेला होता, आणि मी डाव्या घोट्यावर पडले. आवाज मला स्वतःला ऐकू आला. वाळकी तुरकाठी मोडल्यासारखा. तिघीचौघींनी मला उचललं, कुणी पाणी पाजलं, कुणी चपला शोधल्या. सगळ्या चांगल्या होत्या. ऑपरेशन झालं, घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. आयुष्यभर स्क्रू मारले, एकदा आपल्याला मारून घेतले, असं मीच म्हणून सगळ्यांना हसवायची.

प्लास्टर निघालं, दसरा झाला, मी कामावर गेले, तर माझ्या जागेवर एक खुर्ची. कॅन्टीनमधून आणलेली, निळी, पाठीला उशी बांधलेली. उशी रेश्मानं घरून आणली होती. रेश्मा म्हणजे माझ्याच हाताखाली तयार झालेली, बीडकडची, गोड पोरगी. माझ्या गैरहजेरीत लाइन तीच सांभाळत होती. "ताई, तुम्ही बसा. आम्ही हावोत ना," ती म्हणाली. आणि मी बसले. पिवळी पावलं खुर्चीखाली गेली.

पहिले दोन आठवडे बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मला दिसायला लागलं की बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. स्क्रू तिरका बसला तर मुली माझ्या डोक्यावरून रेश्माला हाक मारायच्या. मी उठायला गेले की दोन हात खांद्यावर यायचे, बसा ताई, बसा. एखाद्याला रागानं बसवलं तर तो उठतो तरी. मला मायेनं बसवलं होतं, भांडायचं तरी कुणाशी?

फिजिओ करणारी बाई म्हणाली, "पाय छान आहे तुमचा. तुम्हीच त्याच्यावर वजन टाकत नाही." तिनं मला वजनाच्या दोन काट्यांवर एकेक पाय ठेवून उभं केलं. उजवीकडे जवळजवळ अख्खी मी, डावीकडे एखादी भरलेली पिशवी ठेवावी तेवढंच. मला वाटत होतं मी सरळ उभी आहे. त्याच आठवड्यात शिफ्टच्या साहेबांनी बोलावलं. ते भले माणूस आहेत, बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "ताई, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण शिफ्ट उभ्यानं जमली, तर लाइन तुमची. नाही जमली तर पॅकिंगला कायमची बसायची जागा देतो. त्रास नाही काही तिकडं." त्रास नाही, हेच त्यांना सांगायचं होतं. मला तेच नको होतं. मला माझी लाइन परत हवी होती, आणि ती माझ्या दोन पायांवर हवी होती.

घरी तासभर ओटा धरून उभी राहायची. अर्ध्या तासात घोटा नाही, छाती दुखायला लागायची. भीतीनं. आता पुन्हा मोडेल, आता मोडेल. कुणाला बोलले नाही.

कार्तिक संपता संपता आमची लेक प्राची तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन राजगुरुनगरच्या पुढे धरणाच्या फुगवट्यावर निघाली. कॉलेजला दांडी, वार गुरुवार. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारचीच सुट्टी, म्हणून मी पुऱ्या-भाजीचा डबा घेऊन पोरींवर लक्ष ठेवायला मागं लागले. चाकणचा चौक, कांद्याच्या बाजाराचा तो उग्र वास, घाट, आणि मग एकदम मोकळं पाणी. काठावर चार तंबू, एक चूल, आणि रांगेनं ठेवलेल्या हवा भरलेल्या लांबट फळ्या. त्या फळीवर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागं सारत जायचं. पॅडल बोर्ड म्हणतात त्याला. पोरी उभ्या राहत होत्या, धपाधप पडत होत्या, खिदळत होत्या. मी काठावरच्या घडीच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसले होते.

तंबूवाले पन्नाशीचे गृहस्थ वल्ही धूत होते. हेच दत्ताभाऊ. आधी चाकणमध्ये एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत टेम्पो मारायचे. कुणा हौशी माणसानं गावात येऊन हा तंबूंचा न् फळ्यांचा धंदा सुरू केला आणि वर्षात गुंडाळला, तो ह्यांनी उचलला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, बसायलाच यायचं व्हतं, तर घरी खुर्च्या न्हाईत का?"

मला असा राग आला म्हणता. "पाय मोडलाय माझा," मी म्हणाले.

"कंदी?"

"आषाढात."

त्यांनी बोटावर महिने मोजले. श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. "मंग आता तर भात बी झोडून झालं की," ते म्हणाले, आणि पुढचं वल्हं धुवायला घेतलं.

त्या रात्री ठरवलं. मार्गशीर्षाचे चार गुरुवार यायचे होते, नंतर लगेच नवं वर्ष. सकाळी पाणी, संध्याकाळी पूजा. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हाड जुळलंय, काळजी घेऊन करा. यजमानांना सांगितलं तर त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. लातूर सोडून चोवीस वर्षं झाली, पण चिडले की भाषा थेट गावाकडची होते. "काय करायलीस तू? सायकल येईना तुला, आन् पाण्यावर हुबी राहायलीस? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, लोक मला गेले दोन महिने बसा बसा म्हणतायत, लोकांचं ऐकून झालं. पहिल्या गुरुवारी पहाटे मात्र मोटरसायकल पुसून खाली उभे होते. दोन कानटोप्या घेऊन.

थंडी आठवते ती तिथली. आमच्या बिल्डिंगमध्ये थंडी येते ती खिडकीच्या फटीतून, बोटभर. हमरस्त्यावर ती अंगावर येते. ट्रेलरवर कोऱ्या गाड्या दाटीनं उभ्या, त्यांच्या दिव्यांच्या काचांवर दव. त्यातले काही दिवे माझ्या लाइनवरून गेलेले असणार, या विचारानं मी दर वेळी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघायची. कंपन्यांच्या फाटकांशी वॉचमन शेकोट्या करून बसलेले. घाट चढून गेलं की धुकं, आणि धुक्यात हरभऱ्याचा आंबट वास. यजमान पुढे वाकून गाडी चालवायचे आणि मी मागं बसून डावं पाऊल बुटाच्या आत हलवून बघायची, आहे ना जागेवर.

पहिल्या गुरुवारी काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. पंजाबी ड्रेस, त्यावर नारिंगी जाकीट, ओढणी कमरेला गच्च. फळीची दोरी पायाला बांधतात, म्हणजे पडलं तरी फळी लांब जात नाही. "कंच्या पायाला बांधू?" दत्ताभाऊंनी विचारलं. मी उजवा पुढे केला. डावा मी कुणाच्या हातात देतच नव्हते. काठालगत कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसून वल्हं मारलं, ते जमलं. मग उभं राहायची वेळ आली आणि मी फळीवर इकडेतिकडे बघायला लागले.

"काय हुडकताय?"

"पाय कुठं ठेवायचे? खूण नाही काही?"

दत्ताभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांना कळलं. त्यांनी टेम्पोतून असली कित्येक शेडं पाहिली होती. "ताई, पिवळी पावलं कंपनीत. पान्यावर कोन काढून देनार?"

मी उभी राहिले. नजर पायांवर, गुडघे घट्ट. सतरा वर्षांची सवय. मनात तीन आकडे मोजून होईस्तोवर आकाश खाली आणि पाणी वर. नाकातोंडात गारेगार पाणी, ड्रेस फुग्यासारखा फुगलेला. दत्ताभाऊंनी जाकिटाच्या पट्ट्याला धरून मला गोणीसारखं फळीवर ओढलं. काठावरून यजमान "लागलं का? लागलं का गं?" ओरडत होते. आठ वेळा उभी राहिले, आठ वेळा पडले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वर काढलं. संध्याकाळी घट मांडला, आरतीत आवाज लागेना, घसा पाण्यानं बसला होता.

व्रतात मी दिवसभर काही खात नाही. उपाशीपोटी पहाटे थंड पाण्यात हे सगळं केलं, त्यामुळे शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ते दत्ताभाऊंच्या बायकोनं, वहिनींनी बरोबर पाहिलं होतं. दुसऱ्या गुरुवारी गेल्या गेल्या त्यांनी चुलीवरून रताळी काढून ताटलीत दिली. "उपासाचीच हायेत. देवीला उपाशी बाई पान्यात पडल्याली आवडत न्हाई." देवीचं मन त्यांना इतकं ठाम कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. रताळी गोड होती, सालीला राख लागलेली. त्यांच्याही घरात घट होता, खिडकीत, पितळी तांब्यावर.

त्या दिवशी दत्ताभाऊंनी मला उभंच राहू दिलं नाही. "आज नुसतं पडायचं. खोल पान्यात. आन् आपलं आपन वर यायचं."

"आणि नाही आलं तर?"

"जाकीट हाय, दोरी हाय, मी हाय. बुडनार न्हाई. पन मी हात न्हाई देनार." मग जरा हसून म्हणाले, "घाबरू नका. हितं खाली आमच्या आज्याचं भुईमुगाचं वावर हाय. पडलात तरी घरच्याच जागंत पडाल."

मी पडले. फळीच्या मधोमध एक कडी असते ती धरायची, पाय मागं पाण्याच्या वर येईपर्यंत मारत राहायचे आणि मग पोटावर सरपटत फळीवर यायचं. सांगायला सोपं. माझे पाय फळीखाली जायचे. हात भरून आले. डाव्या पायानं लाथ मारायची वेळ आली की तो आपसूक आखडायचा. दत्ताभाऊ त्यांच्या छोट्या होडीत वल्हं मांडीवर घेऊन चार हातांवर बसले होते. त्यांच्या इतकं जवळ असूनही हात न देण्याचा मला संताप आला. मी त्यांना काही बोलले असेन, आठवत नाही, ते म्हणतात बोललात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी कशीबशी अर्धी चढले, घसरले, पुन्हा चढले, आणि शेवटी फळीवर पालथी पडून राहिले. गाल ओल्या रबरावर. रडू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी पडले होते आणि मला कुणी उचललं नव्हतं.

दत्ताभाऊ म्हणाले, "झालं की. आता परत पडा."

तिसऱ्या गुरुवारची गोष्ट घरीच सुरू झाली. निघण्याआधी संध्याकाळची तयारी करून ठेवावी म्हणून पाटावर कलश ठेवून बघत होते. नुसत्या पाटावर तो डुगडुगायचा. दर वर्षी डुगडुगतो. मग आपण तांदळाची रास घालतो, मध्ये जरा खळगा करतो आणि त्यात कलश दाबून बसवतो. तांदूळ थोडे सरकतात, कलश थोडा खाली जातो, आणि मग नारळ न् डहाळ्या सगळा भार घेऊन तो दिवसभर हलत नाही. इतकी वर्षं हे हातानं केलं, कधी मनात आलं नाही. त्या पहाटे कलशावर हात तसाच ठेवून मी कितीतरी वेळ बसले. यजमान खालून हॉर्न वाजवत होते.

पाण्यावर गेल्यावर गुडघे सैल सोडले. घट्ट लावलेले गुडघे सतरा वर्षांनी सोडायचे म्हणजे काय ते उभ्यानं काम करणाऱ्यालाच कळेल. सगळं शरीर ओरडतं की आता कोसळणार. फळी हलली, गुडघ्यांनी ते हलणं गिळलं, मी राहिले. पण नजर अजून पायांवरच. डाव्या घोट्यावर, खरं तर. जॉबवर.

"ताई, त्यो पाय काय पळून चाललाय का?" दत्ताभाऊ मागून म्हणाले. "त्याच्यावर पहारा देऊ नका. पल्याडचा आंबा दिसतो ना? त्याच्याकडं बघा."

पलीकडच्या काठावर एकटं आंब्याचं झाड होतं. धुकं विरत होतं आणि ते हळूहळू दिसायला लागलं होतं, आधी शेंडा, मग बुंधा. मी त्याच्याकडे बघितलं. पाय मला दिसेनासे झाले. वल्हं पाण्यात घातलं, ओढलं. पुन्हा घातलं. पाणी फळीखालून चुबुक चुबुक बोलत होतं. काठाकाठानं मी किती गेले कळलं नाही, वळून पाहिलं तर यजमान शेकोटीपाशी उभे, कानटोपी हातात, तोंड उघडं.

कंपनीत त्या आठवड्यात एक गंमत केली. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामं असताना खुर्ची बाजूला सारली, पिवळ्या पावलांवर उभी राहिले, गुडघे सोडले आणि नजर उचलली. समोर भिंत. भिंतीच्या वरच्या अंगाला एक झरोका आहे आणि त्यातून आभाळ दिसतं. सतरा वर्षं ती जागा माझी होती आणि तो झरोका मी पाहिला नव्हता.

चौथा गुरुवार. उद्यापनाचा. संध्याकाळी सात सुवासिनींना हळदीकुंकवाला सांगितलेलं, शेजारणी, घरी खिरीचं दूध येऊन पडलेलं. आणि मी सकाळी दत्ताभाऊंना म्हणाले, आज आंब्यापर्यंत जायचं. जायचं आणि यायचं, उभ्यानं. साहेबांच्या आठवड्याला सहा दिवस उरले होते. ते आभाळाकडे बघून म्हणाले, "वारं उठंल नऊ-दहाला. निघायचं तर आत्ताच." आणि दोरी घेऊन खाली बसले. "कंच्या?"

मी डावा पाय पुढे केला. दोरी बांधताना त्यांनी घोट्यावरच्या व्रणाला बोट लागू दिलं नाही.

निम्मं पाणी छान गेलं. एक पाणकावळा बुडी मारून भलतीकडेच वर आला. मला वाटलं, झालं, पोचलेच. असं वाटलं की माणूस मागं वळून बघतो. मी बघितलं, यजमान केवढे दिसतात म्हणून, आणि त्याच क्षणी वाऱ्याची झुळूक आडवी आली. पाणी कुडकुडल्यासारखं झालं. मी पडले.

मधोमध. दोन्ही काठ सारखेच लांब. पाणी इतकं गार की श्वासच आत जाईना. काठावरून यजमानांचा आवाज आला, फाटलेला, "अहो धरा की तिला! धरा की!" दत्ताभाऊंची होडी माझ्या शेजारी आली. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं.

"धरू का, ताई?"

खरं सांगते, होच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मला बस दिसली, ओली पायरी, सगळ्यांचे हात, आणि ती निळी खुर्ची, उशी बांधलेली. मी म्हणाले, "नको."

कडी धरली. पाय मारले. फळी सटकली. परत धरली. या वेळी डावा पाय आखडला नाही, त्यानं लाथ मारली, दोरी बांधलेला होता तरी मारली, आणि मी पोटावर फळीवर आले. थोडा दम खाल्ला. गुडघ्यांवर आले. आता उठायचं. उठताना आजवर मी नेहमी उजवं पाऊल आधी टेकवलं होतं, डावं नंतर, लंगडत आणल्यासारखं. फळी वाऱ्यानं उजवीकडे कलत होती. विचार करायला वेळ नव्हता. मी डावं पाऊल टेकवलं आणि सगळा भार त्याच्यावर टाकून उठले.

मोडलं नाही. एवढंच मनात आलं, मोडलं नाही, मोडलं नाही, आंब्यापर्यंत तेवढंच म्हणत गेले. काठाला लागले आणि झाडाला हात लावला. साल खरखरीत, सकाळच्या उन्हानं जराशी ऊन. त्याची एक डहाळी तोडली, जाकिटाच्या पट्ट्यात खोवली. परत येताना वारं समोरून होतं. हळू आले, पण उभ्यानं आले. यजमान गुडघाभर पाण्यात उतरले होते, बुटांसकट. "आता काय म्हणू मी तुला," एवढंच म्हणाले, आणि कानटोपी माझ्या ओल्या डोक्यावर घातली. वहिनींनी रताळ्याची ताटली पुढे केली. दत्ताभाऊ फळी उलटी करून धुवायला लागले होते.

संध्याकाळी सात बायका आल्या. जुडीतली आंब्याची पानं काढून मी कलशात ती डहाळी लावली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पानं काय ताजी मिळाली गं! कुठून आणलीस?" मी म्हणाले, "पलीकडून." त्यांना वाटलं रस्त्यापलीकडून. मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, खीर वाढली, ओट्या भरल्या, शेवटची बाई जाईपर्यंत उभी होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. प्राचीच्या आलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "आई, तू आज एकदाही ओट्याला टेकली नाहीस."

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कंपनीतले डॉक्टर आले, दाबून बघितलं, चालवलं, एका पायावर उभं केलं. मग पूर्ण शिफ्ट. साहेब दर तासाला काही ना काही निमित्त काढून चक्कर मारून जात होते. दुपारनंतर घोटा ठणकायला लागला. गुडघे सोडले, झरोक्याकडे बघितलं, पुढचा दिवा उचलला. सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा रेश्मा माझ्याकडे बघून रडायलाच लागली. आनंदानं की लाइन गेली म्हणून, मी विचारलं नाही. दोन्हीसाठी असेल. तिला मी जवळ घेतलं. पुढच्या महिन्यात शेजारची लाइन तिला मिळाली.

खुर्ची न्यायला कॅन्टीनचा माणूस आला तेव्हा तिनंच त्याला अडवलं. "असू द्या ताई. लागली तर." मी म्हणाले, असू दे.

खुर्ची अजून तिथंच आहे, माझ्या मागं, भिंतीला लावून. उशी विटली आहे. सकाळी आल्यावर मी तिच्यावर डबा ठेवते. नव्या मुलींना आता मी गुडघे घट्ट लावायला सांगत नाही. सैल सोडा म्हणते, अधूनमधून तो झरोका बघा म्हणते, आणि कुणाचे पाय फारच भरून आले तर डबा उचलून तिला दहा मिनिटं खुर्ची देते. कुणी हात द्यायला धावलं तर म्हणते, थांब, ती उठते का बघू आधी.

उद्या पहिला गुरुवार. दोन्ही जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत आणि यजमानांनी कानटोप्या शोधून ठेवल्यात. कालचीच गोष्ट, शिफ्टमध्ये घोटा फार ठणकत होता. थंडीत ठणकतो, आत स्क्रू आहेत, ठणकणारच. मी मुकाट्यानं डबा मांडीवर घेऊन निळ्या खुर्चीत बसले, थोडा वेळ डोळे मिटले. मग डबा खाली ठेवला आणि उठले. डावा पाय आधी टेकवून.